मुक्या जिवांसाठी नेमाने वेळ : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्राणी निवारा केंद्रात स्वयंसेवक म्हणून काम करण्याविषयी नागपूर आणि आसपासच्या वाचकांची बरीच पत्रे आमच्याकडे आली आहेत. त्यांतील काही निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत.

प्रश्न : मी बँकेत नोकरी करते. कुत्र्यांची लहानपणापासून ओढ आहे, म्हणून शहराबाहेरच्या एका निवारा केंद्रात नाव नोंदवले. पहिल्या रविवारी तिथल्या ताईंनी माझ्या हातात खराटा आणि बादली दिली, दुसऱ्या रविवारीही तेच. एकाही कुत्र्याला हात लावू दिला नाही. मी प्राण्यांच्या सहवासासाठी गेले होते, साफसफाईसाठी नाही. हे असेच असते का?
— एक वाचक, मनीषनगर

उत्तर : होय, बहुतेक ठिकाणी असेच असते, आणि जे केंद्र नव्या माणसाच्या हाती पहिल्याच दिवशी पिल्लू देत नाही, ते आपले काम जाणते असे मी समजते. तुमची निराशा मला समजते. तरीही खराटा आणि बादली यांच्याविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण निवाऱ्यातल्या प्राण्याचे जगणे-मरणे बरेचसे त्यांच्यावर ठरते.

निवाऱ्यात येणारी पिल्ले बहुधा लस न मिळालेली असतात आणि त्यांचा सर्वांत मोठा वैरी म्हणजे पार्व्हो हा विषाणू. तो विष्ठेतून पसरतो, जमिनीत महिनोन्‌महिने टिकून राहतो आणि चपलेच्या तळव्याला लागून एका पिंजऱ्यातून दुसऱ्या पिंजऱ्यात जातो. आपण घरी वापरतो त्या फिनाइलचा वास कितीही उग्र असला, तरी पार्व्होवर त्याचा भरवसा धरता येत नाही. शिवाय मांजरांसाठी फिनाइल विषारी आहे. त्यासाठी ब्लीचचे पाणी लागते, साधारण एका भागाला ३० भाग पाणी या प्रमाणात, आणि त्यात ॲसिड किंवा दुसरे कोणतेही साफसफाईचे द्रव्य कधीही मिसळायचे नसते, कारण त्यातून विषारी वायू तयार होतो. पण ब्लीचसुद्धा घाणीवर ओतून उपयोग नाही. आधी विष्ठा कोरडीच उचलायची, मग साबणाच्या पाण्याने फरशी घासायची, त्यानंतर ब्लीचचे पाणी टाकून दहा मिनिटे थांबायचे आणि शेवटी भरपूर पाण्याने धुऊन फरशी वाळू द्यायची. तोपर्यंत प्राणी बाहेरच्या अंगणात असतात. धुण्याचा क्रमही ठरलेला असतो : आधी पिल्लांचा भाग, मग निरोगी मोठी कुत्री आणि सर्वांत शेवटी आजाऱ्यांचा कक्ष. हा क्रम ज्याने उलटा केला, त्याने प्रेमापोटी का होईना, रोग आपल्या हातांनी पिल्लांपर्यंत नेला असे होते.

आणखी एक गोष्ट. पिंजरा झाडणाऱ्याला जे दिसते, ते डॉक्टरांनाही उशिरा दिसते. रात्रीचे अन्न तसेच पडले आहे, विष्ठेत रक्ताचा धागा आहे, कोपऱ्यात पिवळी उलटी आहे, कालपर्यंत दाराशी येणारी कुत्री आज भिंतीकडे तोंड करून बसली आहे, या खुणा सकाळी सातच्या सुमारास खराटा हातात असलेल्या माणसालाच सापडतात. त्या लगेच सांगितल्या तर एखादे पिल्लू वाचते. दोन रविवार तुम्ही हेच काम करत होता, फक्त ते तुम्हाला कोणी नीट उलगडून सांगितले नाही. ती उणीव केंद्राची आहे आणि पुढच्या वेळी तुम्ही मोकळेपणाने विचारावे.

त्या दोन सकाळी कुत्रीही तुम्हाला न्याहाळत होती. रस्त्यावर मार खाल्लेला, गाडीची धडक बसलेला प्राणी नव्या माणसाला आधी वासाने, मग पावलांच्या आवाजाने ओळखू लागतो. तिसऱ्या-चौथ्या भेटीत परवानगी मिळाली की पिंजऱ्याच्या दाराशी त्याच्याकडे पाठ किंवा कूस करून जमिनीवर बसा. डोळ्याला डोळा भिडवू नका. हात डोक्यावरून नेऊ नका. मांडीवर सैल, खालच्या पातळीवर असू द्या. तो मान लांब करून, मागचे पाय मागेच रोवून, नुसते नाक पुढे आणेल, बोटे हुंगेल आणि झटकन मागे सरेल. त्या दिवशी एवढेच पुरे. शेपूट पोटाखाली गेली, कान मागे चिकटले, तो वारंवार ओठ चाटू लागला किंवा झोप आलेली नसताना जांभया देऊ लागला, तर तो घाबरला आहे असे समजून उठावे. गुरगुरणाऱ्या कुत्र्याला तर कधीही दटावू नये. गुरगुरणे ही त्याने दिलेली सूचना असते आणि ती दडपली, तर पुढच्या वेळी तो सूचना न देता चावतो.

महिन्यातून एकच रविवार जमत असेल तर एकच कबूल करा, पण त्या दिवशी खाडा करू नका.

प्रश्न : मी सतरा वर्षांचा आहे, बारावीत शिकतो. मला निवारा केंद्रात जायचे आहे, पण रेबीजच्या भीतीने आई परवानगी देत नाही. तिची भीती खरी आहे का? तिला काय सांगू?
— एक विद्यार्थी, सक्करदरा

उत्तर : तुझ्या आईची भीती खरी आहे, आणि तिला समजावण्याआधी तू ती नीट समजून घ्यावीस असे मला वाटते. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. दुसरी बाजू अशी की लक्षणे दिसण्यापूर्वी योग्य उपचार वेळेवर आणि पूर्ण घेतले, तर हा रोग टाळता येतो. जगात याइतके जीवघेणे आणि तरीही याइतके टाळता येण्यासारखे आजार फार थोडे आहेत.

प्राण्यांमध्ये काम करणाऱ्याने कुत्रा चावण्याची वाट न पाहता आधीच प्रतिबंधक लस घ्यायची असते. आपल्याकडे तिच्या तीन मात्रा देतात : पहिल्या दिवशी, सातव्या दिवशी आणि २१ व्या किंवा २८ व्या दिवशी. ही लस घेतलेल्या माणसाला पुढे चावा बसला तरी उपचार घ्यावेच लागतात, पण ते सोपे होतात : त्याच दिवशी एक आणि तिसऱ्या दिवशी एक अशा दोनच मात्रा पुरतात आणि जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे विषाणूला लगेच रोखणारी तयार प्रतिपिंडे, टोचावे लागत नाही. आधी लस न घेतलेल्याला रक्त आलेल्या जखमेसाठी इम्युनोग्लोब्युलिन आणि लसीचा पूर्ण क्रम, दोन्ही लागतात. धनुर्वाताचे इंजेक्शनही घेतलेले असावे.

चावा बसला, नख लागून रक्त आले किंवा ओरखड्यावर लाळ लागली, तर सर्वांत आधी नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबण लावून पूर्ण १५ मिनिटे जखम धुवायची. घड्याळ लावून धू, कारण घाबरलेल्या माणसाला दोन मिनिटेही पंधरा वाटतात. त्यावर हळद, चुना, तिखट, तेल यांपैकी काहीही लावायचे नाही. आपल्याकडे अजूनही कितीतरी घरांत जखमेवर तिखट भरतात. त्याने जखम बिघडते आणि मोलाचा वेळ जातो. नंतर मेडिकल, मेयो किंवा जवळचे सरकारी रुग्णालय गाठायचे. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवावे हे खरे आहे, परंतु ते दहा दिवस उपचार लांबवण्यासाठी नसतात. पहिली मात्रा त्याच दिवशी घ्यायची. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, रागावतील या भीतीने घरी लपवायचे नाही. मुलांच्या बाबतीत लपवलेला लहानसा ओरखडाच घात करतो.

अठरा वर्षांखालील मुलांना बरीच केंद्रे पालकांच्या लेखी संमतीशिवाय घेत नाहीत आणि ते योग्यच आहे. माझे सांगणे असे की लसीचा क्रम पूर्ण झाल्यावर एका सकाळी आईलाच सोबत ने. लस टोचलेल्या प्राण्यांच्या नोंदी कशा ठेवतात, नवा प्राणी आला की त्याला वेगळा कसा ठेवतात, हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, तर तुझ्या दहा वाक्यांपेक्षा ते अधिक उपयोगी पडेल. तरीही ती नाही म्हणाली, तर परीक्षा होईपर्यंत तिचे ऐक.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. गुडघ्यांमुळे वाकता येत नाही, वजन उचलता येत नाही. माझा काही उपयोग होईल का?
— एक ज्येष्ठ वाचक, प्रतापनगर

उत्तर : सर, आपला उपयोग अनेक तरुणांपेक्षा अधिक होईल. बहुतेक केंद्रांत काम करणारे हात कमी असतातच, पण नोंदी ठेवणारे हात त्याहून कमी असतात. कोणता प्राणी कुठून आला, लस कधी दिली, शस्त्रक्रियेचे टाके कधी काढायचे, दत्तक गेलेल्या पिल्लाची पुढची मात्रा कधी आहे, ही वही स्वच्छ अक्षरात आणि रोजच्या रोज लिहिलेली असणे ही फार मोठी मदत आहे. दत्तक नेलेल्या कुटुंबांना महिन्याभराने फोन करून चौकशी करण्याचे कामही आपण घरबसल्या करू शकाल. पिल्लू गच्चीवर बांधून ठेवले आहे की घरात रुळले आहे, हे समोरच्याच्या बोलण्यावरून ओळखायला आपल्यासारखे मुरलेले कान हवेत.

प्रश्न : एप्रिल-मेमध्ये केंद्रात जाणे शहाणपणाचे आहे का? आणि भर दुपारी रस्त्यावर धापा टाकत कोसळलेला कुत्रा दिसला तर काय करावे?
— एक वाचक, हुडकेश्वर

उत्तर : नागपूरच्या उन्हाळ्यात स्वयंसेवकांची संख्या रोडावते आणि नेमके तेव्हाच काम वाढते. पारा ४५ अंशांच्या वर जातो, टिनाच्या छपराखाली तर भट्टीच पेटते, आणि कुत्र्याला आपल्यासारखा सर्वांगाला घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणे हाच त्याचा अंग थंड ठेवण्याचा मुख्य मार्ग. म्हणून जा, पण पहाटे सहाला जा आणि नऊपर्यंत परत या. त्या तीन तासांत पाण्याची भांडी धुऊन भरणे, हिरव्या जाळ्या ताणून बांधणे, कूलरच्या टाक्या भरणे आणि गोणपाट ओले करून अंथरणे एवढे झाले, तरी दिवसभराचा मोठा आधार होतो. पाण्यासाठी मातीचे किंवा सिमेंटचे पसरट भांडे चांगले, कारण स्टील आणि प्लास्टिक तापते. याच दिवसांत गोचिडांचाही सुळसुळाट होतो. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यांत आणि मानेखाली रोज बघावे लागते, कारण गोचीडतापाने हिरड्या पांढऱ्या पडलेला कुत्रा वरवर नुसता सुस्त दिसतो.

उन्हात कोसळलेल्या कुत्र्याला आधी सावलीत न्या. पोट, जांघा आणि पंजे साध्या पाण्याने भिजवा आणि पुठ्ठ्याने वारा घाला. बर्फ किंवा बर्फाचे पाणी अंगावर टाकू नका, त्याने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आतली उष्णता आतच कोंडते. शुद्धीवर असेल तर थोडे थोडे पाणी पिऊ द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जाते. नंतर विलंब न करता डॉक्टरांकडे न्यावे. सेमिनरी हिल्स परिसरात १९५८ पासून सुरू असलेले पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि तेथे उपचारांची सोय आहे.

प्रश्न : आमच्या गल्लीत आठ-दहा कुत्री आहेत. मुलांना शाळेत सोडताना भीती वाटते. निवारा केंद्राला फोन केला, तर ते म्हणतात की नसबंदी करून पुन्हा इथेच सोडू. मग अशा केंद्रांचा आणि तिथल्या स्वयंसेवकांचा आम्हाला काय उपयोग?
— एक पालक, नंदनवन

उत्तर : तुमचा प्रश्न रागाने विचारलेला असला तरी रास्त आहे. लहान मूल हातात धरून कुत्र्यांच्या घोळक्यातून जाणाऱ्या आईवडिलांना प्राणिप्रेमावर व्याख्यान देणे मला योग्य वाटत नाही.

केंद्राने दिलेले उत्तर मात्र त्यांच्या मनचे नाही. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार कुत्र्याची नसबंदी आणि रेबीजविरोधी लसीकरण करून त्याला ज्या भागातून पकडले तेथेच सोडायचे असते. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाच नियम कायम ठेवून रेबीज झालेल्या आणि आक्रमक कुत्र्यांना त्यातून वगळले, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वे स्थानके यांसारख्या आवारांतील कुत्र्यांना पुन्हा त्याच जागी न सोडण्याचा आदेश दिला. कुत्री पुन्हा तेथेच सोडण्यामागे व्यवहाराचाही विचार आहे. एका गल्लीतली सगळी कुत्री उचलली आणि उकिरडा तसाच राहिला, तर ती जागा रिकामी राहत नाही. शेजारच्या वस्तीतली, लस न घेतलेली, नसबंदी न झालेली कुत्री तेथे येतात. याउलट नसबंदी झाल्याची खूण म्हणून कानाचे टोक कापलेली, लस घेतलेली कुत्री आपल्या हद्दीत नव्यांना सहसा येऊ देत नाहीत आणि त्यांची संख्याही वाढत नाही. मादीचा गर्भकाळ जेमतेम दोन महिन्यांचा असतो आणि ती वर्षातून दोनदा विऊ शकते. एक मादी सुटली तर सगळ्या गल्लीचे काम पाण्यात जाते, म्हणून हे अर्धवट करून चालतच नाही.

स्वयंसेवकांचा उपयोग येथेच आहे. खाऊ घालण्याचा वाद आपल्या शहराला नवा नाही. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ऑक्टोबर २०२२ मध्ये, ज्यांना भटक्या कुत्र्यांना खाऊ घालायचे आहे त्यांनी ती दत्तक घ्यावीत असे म्हटले होते; पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. आजची स्थिती अशी की खाऊ घालण्यास बंदी नाही, पण ते ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी, मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून आणि इमारतीच्या दारांपासून दूर घालायचे आहे. जो स्वयंसेवक रोज एकाच जागी, एकाच वेळी खाऊ घालतो, त्याच्यामुळे कुत्री हाताळणीला सरावतात आणि नसबंदीसाठी पकडताना पळापळ होत नाही. जो शाळेच्या फाटकासमोर बिस्किटे टाकून निघून जातो, तो कुत्र्यांचेही नुकसान करतो आणि तुमचेही. तुमच्या गल्लीत खाऊ घालणारे कोण आहेत ते शोधा, त्यांच्यासोबत बसून किती कुत्र्यांचे कान कापलेले आहेत ते मोजा आणि उरलेल्यांची यादी महापालिकेकडे आणि केंद्राकडे दोघांच्या सहीने द्या. चावरा कुत्रा असेल तर त्याची तक्रार स्वतंत्रपणे आणि लेखी करा.

प्रश्न : ज्या पिल्लाला मी बाटलीने दूध पाजत होते, ते गेल्या आठवड्यात गेले. पुन्हा केंद्रात पाऊल टाकण्याची हिंमत होत नाही. मी या कामासाठी कमकुवत आहे का?
— एक वाचक, मानेवाडा

उत्तर : ताई, नाही. फार लहान वयात आईपासून तुटलेली पिल्ले उत्तम काळजी घेऊनही पुष्कळदा दगावतात. आईचे पहिले दूध न मिळाल्याने त्यांच्यात रोगाशी झुंजायची ताकदच नसते, आणि थंडीत तर त्यांना स्वतःचे अंग ऊबदार ठेवता येत नाही. तुम्ही काही कमी केले म्हणून ते गेले असे मनात घेऊ नका. शंका असेल तर केंद्राच्या डॉक्टरांना भेटून नेमके कारण विचारा. कारण कळले की मनातले कितीतरी काटे आपोआप निघतात.

काही दिवस जाऊ नका, यात गैर काही नाही. परत जाल तेव्हा लगेच पिल्लांच्या कक्षात जाऊ नका. म्हाताऱ्या कुत्र्यांकडे जा, ज्यांना अंग घासून घ्यायला आणि हळू हळू फिरायला कोणीतरी हवे असते. दुःखाच्या भरात दुसरे पिल्लू घरी आणू नका, निदान इतक्यात नको. पिल्लाला पार्व्हो असेल तर त्याने वापरलेले कापड आणि बाटली टाकून द्या, कपडे ब्लीचने धुवा आणि लस न झालेल्या कोणत्याही पिल्लाजवळ काही काळ जाऊ नका. सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून लस सुरू करून सोळा आठवड्यांपर्यंत तिच्या मात्रा पूर्ण केल्या, तर असे मृत्यू पुष्कळ टळतात. तुमचे मन थोडे सावरले की वस्तीत लसीकरणाचे शिबिर भरवण्यासाठी केंद्राला मदत करा, असे मी आग्रहाने सुचवीन.

प्रश्न : संक्रांतीला आमच्या गच्चीवर मांज्यात अडकलेली घार सापडली होती. केंद्राने घेतली नाही. असे का?
— एक वाचक, महाल

उत्तर : घार, घुबड, पोपट हे वन्यजीव आहेत आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे साध्या निवारा केंद्राला ते ठेवता येत नाहीत, घरी तर कोणालाच ठेवता येत नाहीत. त्यांच्यासाठी सेमिनरी हिल्सवर वन विभागाचे ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, आणि १९२६ हा वन विभागाचा मदत क्रमांक आहे. तोपर्यंत मांजा ओढून काढू नका, पंखात रुतलेला तुकडा तसाच ठेवून दोन्ही बाजूंनी कापा. पक्ष्यावर कापड टाकून त्याला हवेशीर भोके पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवा. चोचीत पाणी घालू नका. नायलॉन मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्येच देशभर बंदी घातली आहे, तरी "ओ काट"च्या गजरात तो आजही उडतो. संक्रांतीनंतर आठवडाभर झाडांवर आणि तारांवर लोंबकळणारा मांजा गोळा करण्यासाठी स्वयंसेवक हवे असतात, त्यात अवश्य सामील व्हा. विजेच्या तारांना मात्र हात लावू नका, ते काम वीज कर्मचाऱ्यांचे आहे.

प्रश्न : वेळ देता येत नाही, वस्तू देता येतील. काय द्यावे?
— एक वाचक, वाडी

उत्तर : आधी फोन करून विचारा, कारण गरज दर महिन्याला बदलते. जुन्या चादरी, गोणपाट, वर्तमानपत्रे, बादल्या, तांदळाची कणी हे बहुधा उपयोगी पडते. लग्नातले उरलेले अन्न देऊ नका. त्यातला कांदा-लसूण कुत्र्यांना बाधतो आणि शिजवलेली हाडे आतड्यात रुततात. घरातली उरलेली औषधे परस्पर कोणत्याही प्राण्याला देऊ नका, साधी पॅरासिटामॉलची गोळीही मांजराचा जीव घेते. पैसे दिले तर पावती घ्या, आणि देणगीवर प्राप्तिकरात सवलत मिळण्यासाठी संस्थेची नोंदणी आहे का ते विचारून घ्या.